गायक, गीतकार आणि जीटी रेसर: डेव्हिड हॅलिडेच्या निमित्ताने

मध्यलय
डेव्हिड हॅलिडे हे नाव आपल्याकडे फार कानावर येत नाही, फ्रान्समध्ये मात्र घरोघरी ठाऊक आहे. जन्म १४ ऑगस्ट १९६६, पॅरिसला खेटून असलेल्या बुलोन्य-बियांकूरचा. वडील जॉनी हॅलिडे, आई सिल्व्ही वार्तां, दोघंही फ्रेंच पॉप-रॉकमधली मोठी नावं. पोरगं ड्रम वाजवत वाढलं आणि पुढे स्वतःची गाणी करू लागलं. १९९९ साली त्याचं 'त्यू न मा पा लेसे ल तां' फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याच वर्षी वडिलांच्या 'सां पूर सां' या अल्बमचं संगीतही त्यानेच केलं. नावातला श्लेष सुंदर आहे. फ्रेंचमध्ये 'शंभर टक्के' आणि 'रक्तास रक्त' यांचा उच्चार एकच.

हाच माणूस फ्रेंच जीटी स्पर्धेत (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांची स्पर्धा) अनेक हंगाम धावला आणि ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीतही एकाहून जास्त वेळा उतरला. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण 'गाडीचंही वेड आहे' एवढ्या एका ओळीत हा भाग आटोपतात, ते मला पटत नाही. उशिरा सुरुवात केलेला, दुसऱ्या पेशातला माणूस अशा गाडीत बसतो तेव्हा नेमकं काय करतो, कुठे चुकतो, त्याच्यासाठी नियम काय असतात, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

रानवारा
उच्चाराबद्दल थोडं. फ्रेंच लोक 'दाविद आलिदे' म्हणतात. खरं आडनाव स्मेट. जॉनीला लहानपणी ज्या नातेवाइकांनी सांभाळलं, त्यांच्यातला जावई अमेरिकन नर्तक होता. तो ली हॅलिडे या नावाने रंगमंचावर यायचा. त्याच्यावरून जॉनीने हे नाव घेतलं. पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर 'आय'च्या जागी 'वाय' छापला गेला आणि तेच स्पेलिंग पुढच्या पिढीपर्यंत चालत आलं.

वडीलही गाडीवाले होते. १९६७ ची माँटे कार्लो रॅली फोर्ड मस्टँगमधून, आणि २००२ ची डकार रॅली तीन वेळा डकार जिंकलेल्या रने मेट्जला सोबत घेऊन. डकारला तो शेवटपर्यंत पोचला.

अपेक्स
मुद्द्याचं आधी. ल माँमध्ये हौशी ड्रायव्हर चोरवाटेने येत नाही. स्पर्धेच्या रचनेतच त्याची जागा ठरलेली आहे.

हल्लीच्या नियमांनुसार एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संस्था प्रत्येक ड्रायव्हरला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर किंवा ब्राँझ अशी प्रतवारी देते. तिशीनंतर पहिला परवाना काढलेला आणि फॉर्म्युला गाड्यांचा अनुभव नसलेला माणूस सहसा ब्राँझमध्ये येतो. एलएमजीटी३ या गटात, म्हणजे ल माँमधल्या जीटी३ गाड्यांच्या वर्गात, तीन ड्रायव्हरांपैकी एक ब्राँझ असावाच लागतो. म्हणजे कारखान्याचा पगारी ड्रायव्हर कितीही वेगवान असला तरी ब्राँझशिवाय गाडी उभीच राहत नाही. शिवाय ब्राँझला किमान सहा तास गाडी चालवावीच लागते, नावापुरती हजेरी चालत नाही. वरची मर्यादा सगळ्यांना सारखी: कुठल्याही सहा तासांत जास्तीत जास्त चार तास, आणि पूर्ण शर्यतीत चौदा तास.

आता हिशेब करा. जीटी३ गाडीला ल माँची १३.६२६ किलोमीटरची फेरी सुमारे चार मिनिटांत होते. सहा तास म्हणजे अंदाजे ९० फेऱ्या. ब्राँझ ड्रायव्हर दर फेरीला व्यावसायिकापेक्षा ३ सेकंद हळू असेल, तर सहा तासांत २७० सेकंद जातात, म्हणजे एक फेरी आणि वर अर्धं मिनिट. इतर गाड्यांचे ब्राँझही तेवढंच गमावतात, त्यामुळे खरा फरक आणखी कमी. याउलट एकदा वाळूत रुतून क्रेनची वाट बघितली, किंवा नाक तुटून गॅरेजमध्ये जावं लागलं, की दोन-तीन फेऱ्या एका झटक्यात गेल्या. म्हणून संघाला ब्राँझकडून सगळ्यात वेगवान फेरी नको असते. दहावी आणि चाळिसावी फेरी एकमेकींच्या अर्ध्या सेकंदाच्या आत हवी असते. वाद्यावर बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

टॉर्क_रेंच
अपेक्स यांच्याशी सहमत. त्यात ब्रेकिंगची भर घालतो, कारण हौशी माणसाचे ते तीन सेकंद बहुतांशी तिथेच सांडलेले असतात.

जीटी३ गाडीला लोखंडी डिस्क असतात, कार्बनच्या डिस्कना या वर्गात परवानगी नाही. एबीएस असतं आणि स्टिअरिंगवरच्या गोल खटक्याने ते कमी-जास्त करता येतं. पेडल डाव्या पायाने दाबायचं आणि त्याला ८० ते १०० किलोचा जोर लागतो. रस्त्यावरच्या गाडीची सवय असलेला माणूस पेडल हळूहळू खोल नेतो, इथे नेमकं उलटं करायचं असतं. पहिल्या पाव सेकंदात सगळा जोर, आणि मग वळणाकडे जाताना तो जोर पायातून हळूहळू सोडत जायचा. कारण साधं आहे. वेग जास्त असतो तेव्हा हवेचा दाब गाडीला रस्त्यावर चेपून धरतो, टायरला पकड भरपूर असते. वेग उतरतो तसा तो दाब कमी होतो, पकडही कमी होते, म्हणून पायही हलका व्हायला हवा.

ल माँमधल्या हुनोदियेरच्या सरळ रस्त्यावर १९९० पासून दोन शिकेन (वेग उतरवायला लावणारी नागमोडी वळणं) आहेत. तिथे जीटी गाडी ताशी २८० च्या आसपास येते, म्हणजे सेकंदाला ७८ मीटर. ब्रेक लावायला दशांश सेकंद उशीर झाला तर आठ मीटर पुढे गेलात. एकामागे एक ठेवलेल्या जवळजवळ दोन गाड्यांएवढं अंतर.

डेटा बघताना व्यावसायिकाचा आणि हौशीचा ब्रेक-दाबाचा आलेख एकावर एक ठेवतात. व्यावसायिकाचा आलेख सरळ भिंतीसारखा चढतो आणि डोंगरउतारासारखा उतरतो. हौशीचा आधी उतारासारखा चढतो आणि मग भिंतीसारखा खाली पडतो, म्हणजे पाय एकदम काढला. पाय एकदम काढला की गाडीचं नाक उचललं जातं, पुढच्या टायरवरचं वजन जातं आणि गाडी वळत नाही. मग माणूस स्टिअरिंग आणखी फिरवतो. पुढचे टायर तापतात, वीस मिनिटांनी 'टायर संपले' अशी तक्रार रेडिओवर येते. टायर बिचारे ठीक असतात, चूक पायाची असते.

घाटरस्ता
पेडल मधेच खोल जातं त्याचं काय? प्रक्षेपणात ड्रायव्हर 'लाँग पेडल' म्हणताना ऐकलं आहे. ऑइल उकळल्यामुळेच ना?

टॉर्क_रेंच
दोन वेगळी कारणं आहेत आणि ती ओळखता आली पाहिजेत.

एक, ब्रेक ऑइल उकळणं. शर्यतीचं ताजं ऑइल ३०० अंशांच्या वर उकळतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि उकळबिंदू खाली येतो. त्यात बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखं होतं, आणि पुढच्या प्रत्येक वळणाला आणखी वाईट होत जातं. यावर गाडीत बसून उपाय नाही. वेग कमी करून थंड होऊ द्यायचं, नाहीतर आत येऊन ब्लीड करायचं, म्हणजे ऑइलमधले बुडबुडे काढून टाकायचे.

दोन, पॅड मागे ढकलले जाणं. वळणाच्या कडेच्या उंच पट्ट्यांवरून गाडी नेली की चाकाचा हब थरथरतो, डिस्क किंचित डोलते आणि पॅडना मागे सारते. पुढच्या ब्रेकला पेडलचा पहिला भाग पोकळ जातो आणि दुसऱ्यांदा दाबलं की सगळं जागेवर. याला उपाय आहे: सरळ रस्त्यावर, उजवा पाय गॅसवरच ठेवून, ब्रेकिंगच्या जागेआधी डाव्या पायाने पेडलला हलकी टपली मारायची. गाडी हळू करायची नाही, फक्त पॅड डिस्कला टेकवायचे. चांगल्या ड्रायव्हरला ही सवयच लागलेली असते. पोर्शे कर्व्ह्जनंतर फोर्ड शिकेनला जाताना हे विसरलेला माणूस सरळ पुढे निघून जातो.

सुरपेटी
गाडीच्या आवाजाबद्दल लिहिते, कारण संगीतकार ड्रायव्हरला इथे खरोखर काहीतरी जास्तीचं मिळतं.

इंजिनाचा मुख्य सूर मोजता येतो. चार स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. सहा सिलिंडर असतील तर फेरीला तीन स्फोट. मिनिटाला ८८०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १४६.७, गुणिले तीन, बरोबर ४४० हर्ट्झ. म्हणजे पांढरी सहा. पोर्शेच्या फ्लॅट सिक्सचा आवाज म्हणूनच 'गातो' असा वाटतो, स्फोटांमधलं अंतर सारखं असतं. तेच इंजिन ७४०० फेऱ्यांवर असेल तर ३७० हर्ट्झ, म्हणजे काळी तीन. गिअर बदलायची वेळ दिव्यांकडे न बघता कळते ती अशी, सूर कुठवर चढला यावरून.

आठ सिलिंडरच्या इंजिनाला हाच हिशेब लावला तर ७४०० ला ४९३ हर्ट्झ येतात, पांढरी सातच्या जवळ. पण अमेरिकन धर्तीच्या क्रॉस-प्लेन व्ही८ मध्ये एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, म्हणून कानाला त्याहून खालचा, गुरगुरणारा आवाज येतो. सूर तोच धरायचा म्हटलं तर फसगत होते.

रस्त्याकडेला उभं राहणाऱ्यांसाठी आणखी एक. २८० च्या वेगाने येणारी गाडी आपल्याजवळून जाताना तिचा सूर किती उतरतो? ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, गाडीचा ७८. येतानाची आणि जातानाची कंप्रसंख्या यांचं प्रमाण ४२१ भागिले २६५, म्हणजे १.५९. हे जवळजवळ नेमके आठ स्वर, कोमल-तीव्र धरून मोजलेले. येताना कोमल धैवत लागलेला असेल तर गाडी पुढे गेल्यावर षड्ज ऐकू येतो. ल माँच्या कुठल्याही चांगल्या ध्वनिमुद्रणावर तानपुरा ॲप लावून ताडून बघा.

मध्यलय
सुरपेटी, हे वाचून मी लगेच ताडून पाहिलं. बरोबर कोमल ध ते सा. धागा काढल्याचं सार्थक झालं.

वैनतेय
आवाजाचा विषय निघालाच आहे तर कानांचं सांगतो. गायक-ड्रायव्हरच्या बाबतीत ब्रेक आणि टायरइतकंच हे महत्त्वाचं.

बंद जीटी गाडीत १०० डेसिबलच्या वर आवाज सहज असतो. कानाच्या सुरक्षेचा रूढ हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. समजा आत ११० डेसिबल आहे आणि मापाचा इअरप्लग २५ डेसिबल अडवतो. कानापर्यंत ८५ पोचले, आठ तास चालतील. आता तोच प्लग नीट बसला नाही आणि १५ च अडवले, तर कानात ९५ गेले. वेळ झाला ४८ मिनिटं. एक पाळी, म्हणजे ड्रायव्हर एका दमात गाडी चालवतो तो वेळ, तेवढ्याची असतेच. म्हणजे ढिल्या प्लगने पहिल्याच पाळीत दिवसाचा कोटा संपला, आणि त्या आठवड्यात गाण्याचा कार्यक्रम असेल तर त्याचा आवाज वेगळा.

मंचावरचा इन-इअर मॉनिटर आणि गाडीतला इअरपीस दिसायला भावंडं आहेत, पण एकाच्या जागी दुसरा वापरू नये. मंचावरचे बहुतेक कडक ॲक्रिलिकचे असतात. हेल्मेटच्या आत ते नको. धडक बसली तर कडक तुकडा कानाच्या नळीत रुतेल. गाडीसाठी मऊ सिलिकॉनचा, कानाच्या बाहेर जवळजवळ न उरणारा, कारण हेल्मेट घालताना त्याची कडा बाहेर आलेलं सगळं ओढून काढते.

माप घेताना: कानतज्ज्ञ आधी नळी तपासतो, मळ काढतो, आत दोऱ्याचा स्पंज ठेवतो, मग सिलिकॉनची लगदी सोडतो. माप नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढपर्यंत गेलं पाहिजे, तोकडं माप म्हणजे तोकडा अडसर. गायकाचं माप तोंड उघडं ठेवून, दातांमध्ये इंचभर ठोकळा धरून घेतात. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. बंद तोंडाने घेतलेल्या मापाचा प्लग 'आ'कार लावला की हवा सोडतो आणि खालचे सूर गायब होतात. ड्रायव्हरचंही असंच घेतलेलं बरं, कारण तोही दात आवळतो, रेडिओवर बोलतो, आणि हेल्मेटची गालाची गादी जबडा दाबून ठेवते.

अपेक्स
रेडिओचा उल्लेख झाला म्हणून जोडतो. हेल्मेटमधला माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. दूर असला तर इंजिनाचा गोंगाटच पाठवतो, मग ड्रायव्हर ओरडायला लागतो. तीन पाळ्या ओरडून काढल्या की घसा बसतो. गाणाऱ्याला हे परवडत नाही. बोलणं सरळ रस्त्यावर, आधी ठरवलेल्या शब्दांत. 'टायर मागचे, सुटतायत' एवढं पुरे.

घाटरस्ता
आतली उष्णता? जूनमध्ये फ्रान्स थंडच असेल असं वाटतं.

वैनतेय
बाहेर थंड असलं तरी आत इंजिन, एक्झॉस्ट, काच आणि अग्निरोधक कपड्यांचे थर. सहनशक्तीच्या शर्यतींचा नियमच आहे: बाहेर २५ अंशांपर्यंत असेल तर आत ३२ च्या वर जाऊ द्यायचं नाही. बाहेर त्याहून गरम असेल तर बाहेरच्यापेक्षा फार तर ७ अंश जास्त. म्हणून हल्ली बहुतेक गाड्यांत एसी असतोच.

तरी तासाला लिटरभर घाम जातो. पाळीआधी आणि नंतर वजन करायचं, एक किलो घटलं म्हणजे एक लिटर पाणी गेलं. नुसतं पाणी पिऊ नये, लिटरमागे अर्धा ग्रॅमच्या आसपास सोडियम हवं. हे मिठाच्या हिशेबात सव्वा ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमचा. पिण्याची नळी पाळी सुरू झाल्यावर पहिल्याच सरळ रस्त्यावर एकदा ओढून बघायची. पिशवी बसवताना नळी पिळली गेली असेल तर तासाभराने कळून उपयोग नाही.

टॉर्क_रेंच
ड्रायव्हर बदलण्याचा क्रम लिहितो. हा भाग हौशी संघांत सगळ्यात जास्त चुकतो, आणि त्याचा वेगाशी काही संबंध नाही.

ल माँमध्ये पिट लेनमध्ये ताशी ६०. गाडी ठरल्या जागी थांबली, इंजिन बंद, मगच पट्टे सोडायचे. आधी सोडले तर शिक्षा. उतरणारा एका हाताने सहा टोकांच्या पट्ट्याचं बक्कल फिरवतो, दुसऱ्याने रेडिओची तार ओढतो, मग पिण्याची नळी, मग हेल्मेटला हवा देणारी नळी. खिडकीची जाळी बाहेरचा मदतनीस सोडतो. स्वतःची फोमची बैठक असेल तर ती घेऊनच उतरायचं. चढणारा आपली बैठक टाकतो, बसतो. आधी कमरेचे पट्टे, मांड्यांमधले, शेवटी खांद्याचे. खांद्याचे पट्टे मानेच्या सुरक्षाकवचाच्या वरून गेले पाहिजेत. पट्टा कवचाच्या कडेवरून घसरला तर त्या कवचाचा उपयोग शून्य. मग रेडिओ, नळ्या, जाळी.

पेट्रोल भरणं चालू असताना ल माँमध्ये टायर बदलता येत नाहीत, ड्रायव्हर मात्र बदलता येतो. पेट्रोलला अर्ध्या मिनिटाहून जास्त जातं, त्या अवधीत सराव झालेला बदल पूर्ण होतो. म्हणजे घाईची गरज नाही, क्रम न चुकण्याची आहे. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे कमरेचा पट्टा बैठकीच्या मागे अडकणं. उपाय म्हणून उतरणाऱ्याने पट्टे दोन्ही बाजूंना उलटे टाकून ठेवायचे, कडेला साधा रबरबँड लावून वर धरून ठेवायचे.

रानवारा
ती फोमची बैठक कशी बनवतात?

टॉर्क_रेंच
जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत थर्मोकोलचे मणी आणि दोन भागांचं रेझिन. पिशवी गाडीच्याच सीटमध्ये ठेवायची, ड्रायव्हरने पूर्ण पोशाखात, बूट आणि मानेच्या कवचासकट बसायचं. मग पिशवीतली हवा पंपाने ओढून घ्यायची. मणी शरीराभोवती घट्ट होतात. रेझिन बसेपर्यंत हलायचं नाही. नंतर कडा कापून, पट्ट्यांसाठी भोकं मोकळी करून, वरून अग्निरोधक कापड.

चूक इथे होते: माणूस आरामात पाय सोडून बसतो आणि तसाच साचा निघतो. मग शर्यतीत ब्रेकवर शंभर किलोचा जोर दिला की कंबर मागे-वर सरकते आणि पाय पोचत नाही. साचा बसताना ब्रेक पूर्ण दाबून धरायला हवा. बहुतेक जीटी३ गाड्यांत सीट जागेवर पक्की असते आणि पेडल पुढेमागे सरकतात, म्हणून तिन्ही ड्रायव्हरांच्या पेडलची जागा आधी नोंदवून ठेवायची.

घाटरस्ता
टायरचं कोणीच लिहिलं नाही. थंड टायरवर बाहेर पडणं हौशी माणसाला जड जात असेल.

अपेक्स
जातंच. जागतिक सहनशक्ती स्पर्धेत टायर गरम करणाऱ्या यंत्रांना २०२३ पासून बंदी आहे. त्या वर्षीच्या ल माँपुरती सूट दिली होती.

दाबाचं गणित सरळ वायूच्या नियमाचं. थंड टायरमध्ये २० अंशांना १.४ बार भरला. वातावरणाचा एक धरून २.४. टायर ८५ अंशांवर गेला की २.४ गुणिले ३५८ भागिले २९३, म्हणजे २.९३. वातावरण वजा केलं की १.९३ बार. रात्री रस्ता थंड, टायर ७० च गाठतो, तर १.८१. तेवढ्या फरकाने टायरची कड घासते आणि गाडी आळशी वाटते. म्हणून रात्रीच्या सेटमध्ये थंड दाब थोडा जास्त भरतात. हवेत ओल असेल तर हे गणित बिघडतं, पाण्याची वाफ जास्त दाब वाढवते, म्हणून कोरडा नायट्रोजन.

बाहेर पडल्यावर डनलॉपची चढण, मग उतार, एसेस आणि टेर्त्र रूज. पहिल्या फेरीला तिथे गाडी जमिनीला नेहमीपेक्षा जवळ असते, कारण दाब कमी म्हणजे टायरची उंचीही कमी. वळणाच्या कडेच्या पट्ट्यांवर चढायचं नाही. ब्रेक किंवा गॅस आणि वळवणं एकत्र नको. गाडी डावी-उजवी हलवून टायर फारसा तापत नाही, ब्रेक दाबल्याने चाकाच्या आतून उष्णता जाते, ते जास्त उपयोगी.

मध्यलय
आणि वेगवान गाड्या मागून येतात तेव्हा? मला तरी तोच भाग सगळ्यात धोक्याचा वाटतो.

अपेक्स
धोक्याचा आहेच. एकूण ६२ गाड्या. हायपरकार (सगळ्यात वेगवान वर्गातली गाडी) साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर फेरी मारते, जीटी३ चार मिनिटांत. म्हणजे प्रत्येक हायपरकार दर सात फेऱ्यांना तुम्हाला एकदा गाठते. त्या एक-दोन नाहीत, वीसच्या आसपास आहेत. फेरीला सरासरी तीन जणी फक्त त्या वर्गातल्या, वर एलएमपी२ या मधल्या वर्गातल्या वेगळ्या.

नियम एकच लक्षात ठेवायचा: हळू गाडीने आपली ओळ, म्हणजे वळणांतून जायची नेहमीची वाट, सोडायची नाही. सभ्यपणा म्हणून बाजूला सरकणारा माणूसच अपघात करतो, कारण मागच्याने तुमच्या नेहमीच्या ओळीचा अंदाज धरून आपली वाट आधीच ठरवलेली असते. शिवाय ओळीबाहेर घासलेल्या रबराच्या गोळ्या पडलेल्या असतात, त्या टायरला चिकटल्या की पुढची दोन वळणं बर्फावर चालवल्यासारखी. मागचं रडार आणि कॅमेऱ्याचा पडदा बाण दाखवतो, कुठली गाडी किती वेगाने येतेय ते. पण तो पडदा ब्रेकिंगच्या आधी बघायचा, वळणात नाही.

स्लो झोनचीही (अपघातानंतर वेग बांधून दिलेला ट्रॅकचा भाग) तीच गत. ८० ची मर्यादा सुरू होण्याआधीच्या चौकीवर सूचना मिळते. तिथपासून शांतपणे वेग उतरवायचा, झोनच्या रेषेवर वेगमर्यादेचं बटण दाबलेलं हवं. रेषेवर जाऊन जोरात ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळतो, उशिरा दाबलं तर दंड.

रानवारा
पहिल्यांदाच जाणाऱ्याला थेट शर्यतीत सोडतात का?

अपेक्स
नाही. नवख्याला आधी सिम्युलेटर, मग चाचणीच्या दिवशी दहा फेऱ्या. आणि प्रत्येक ड्रायव्हरला, जुना असो की नवा, अंधारात पाच फेऱ्या केल्याशिवाय शर्यतीला बसता येत नाही.

त्याआधीची शिडी फ्रान्समध्ये चांगली बांधलेली आहे. तिथली राष्ट्रीय जीटी स्पर्धा आता जीटी४ गाड्यांवर चालते. तासाभराच्या शर्यती, दोन ड्रायव्हर, मधे सक्तीचा बदल आणि थांब्याला किमान वेळ ठरलेला. त्यामुळे बदलात घाई करून पट्टा चुकवायचं कारण उरत नाही. नोगारो, माञी-कूर, पॉल रिकार्ड असे वेगवेगळ्या स्वभावाचे ट्रॅक. जीटी४ मध्ये हवेचा दाब कमी, वजन जास्त. त्यात पाय शिकला की जीटी३ मध्ये फक्त वेगाची सवय करायची राहते. उलट्या क्रमाने गेलेला माणूस हवेच्या दाबावर विसंबायला शिकतो आणि पावसात उघडा पडतो.

वैनतेय
आपल्याकडून जायचं तर एफएमएससीआय या भारतीय मोटर शर्यत संघटनेचा परवाना, आधी कार्टिंग, मग कोइंबतूरचा करी किंवा चेन्नईचा ट्रॅक. पुण्या-मुंबईच्या माणसाला तिथवर जावंच लागतं. भारतीय नावं ल माँला नवी नाहीत. करुण चंडोक २०१२ साली एकूण सहावा आला. नारायण कार्तिकेयन २००९ ला गेला होता, पण शर्यतीआधी पिटची भिंत ओलांडताना खांदा निखळला आणि शर्यत हुकली. 

सुरपेटी
वैनतेय, कानाच्या मापाबद्दल एक विचारते. गायकाने एकाच वेळी दोन्ही बनवून घेतले, मंचाचा आणि गाडीचा, तर एकाच मापावर चालेल का? आणि ते टिकतात किती?

वैनतेय
माप एकच चालेल, तोंड उघडं ठेवून घेतलेलं आणि दुसऱ्या वळणापलीकडे गेलेलं असेल तर. प्रयोगशाळेला दोन वेगळे साचे सांगायचे: मंचासाठी कडक, गाडीसाठी मऊ आणि बाहेरून घासून सपाट केलेला, तार खालच्या बाजूने निघणारी. तीन-चार वर्षांनी नवं माप घ्यावं. वजन पाच-सहा किलोंनी कमी-जास्त झालं तर त्याआधीच. बसतोय की नाही ते घरीच तपासता येतं. दोन्ही कानांत घाला, सलग खालचा षड्ज गुणगुणा आणि तोंड हळूहळू उघडा. स्वतःचा आवाज डोक्यात भरून घुमत राहिला तर सील पक्कं. तोंड उघडताना एका बाजूचा घुमारा अचानक पातळ झाला, तर त्या कानाचा प्लग परत पाठवा आणि शर्यतीच्या आठवड्यात तो वापरू नका.